टाच वर, टाच खाली

तळेघरच्या उपकेंद्रात नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा माझं लग्न मोडून वर्ष झालं होतं. नव्वदीच्या दशकाची सुरुवात होती. माझं माहेर लोणीचं, आंबेगाव तालुक्याच्या पार पूर्वेच्या टोकाला. तिथे पाऊस यावा म्हणून आभाळाकडे बघायचं आणि तळेघरला तो थांबावा म्हणून. तालुका एकच, तरी आईला मी परमुलखात चालल्यासारखं वाटलं. मला मात्र तेव्हा लांबच जायचं होतं.

एका खांद्याला लसींची पेटी, दुसऱ्या खांद्याला पिशवी, आणि वाड्या चढायच्या, हे माझं काम. एसटी आली तर आली. वाड्यांना तर रस्ताच नव्हता. भातखाचरांच्या बांधांवरून पाय रोवत जायचं. बाळंतपणाला बोलावणं यायचं, काम झाल्यावर चुलीपुढे बसवून नाचणीची भाकरी वाढायचे, निघताना कोणी पिशवीत पावट्याच्या शेंगा टाकायचं. पण दिवस मावळला की जो तो आपल्या घरी आणि मी माझ्या क्वार्टरमध्ये. पावसाळ्यात ओढे भरले की दिवसच्या दिवस एकही पेशंट यायचा नाही. मग स्टोव्ह पेटवून त्याचा आवाज ऐकत बसायचे. चालणं हेच माझं माणसांत जाणं होतं. वाटेला लागलं की कोणी तरी भेटायचं, "कुठं निघाल्या बाई?" एवढं तरी विचारायचं. म्हणून काम नसलं तरी मी एखाद्या वाडीवर जाऊन यायचे.

सात-आठ वर्षं अशी गेली. मग टाच दुखायला लागली.

आधी फक्त सकाळी. अंथरुणातून उठून जमिनीवर पाय टेकला की टाचेच्या मागे, वरच्या बाजूला, कोणी तरी दोरी आवळल्यासारखं व्हायचं. पहिली काही पावलं लंगडत टाकायची, मग चालता चालता ते सैल पडायचं. मी विसरून जायचे. पुढे संध्याकाळीही दुखू लागलं. बोटांनी चाचपलं की ती जागा जाड लागायची, आणि पाऊल वरखाली केलं की आतून वाळलेल्या चामड्यासारखं करकरायचं. एका वाडीतल्या सुईणीनं माझा पाय मांडीवर घेऊन अंगठ्यानं दाबून पाहिला आणि घोडशीर धरलीय म्हणाली. हळद-चुना लावा आणि बसून राहा, असं तिनं सांगितलं. हळद-चुना लावला. बसून राहणं मला जमणारं नव्हतं.

एका पोलिओच्या रविवारी, डोस पाजून वरच्या वाडीवरून उतरताना, घसरड्या उतारावर पाय जरा वाकडा पडला आणि टाचेतून अशी कळ गेली की मी बांधावरच बसले. उठताच येईना. वाडीतल्या लोकांनी घोंगडीची डोली केली. अडलेल्या बाया अशाच डोलीतून माझ्याकडे यायच्या. तेव्हा मी डोलीच्या बाजूनं चालत, "धीर धर, आलंच केंद्र" असं म्हणायचे. त्या दिवशी मी आत होते आणि वर नुसतं आभाळ हलत होतं. वाहणारी माणसं आपसात बोलत होती. माझ्याशी कोणी बोललं नाही. दुखणाऱ्या माणसाशी काय बोलावं, हे त्यांना कळत नसावं.

मंचरच्या हाडांच्या डॉक्टरांनी शीर तुटलेली नाही, पण फार सुजलीय, असं सांगितलं. त्यांनी गुडघ्याखाली प्लॅस्टर घातलं आणि आराम करायला सांगितलं. भाऊ जीप घेऊन आला आणि मला लोणीला घेऊन गेला.

लोणीत मला कोणी काही कमी पडू दिलं नाही, हे आधी सांगते. भावानं ओसरीवर खाट टाकून दिली. वहिनी तीन वेळा चहा आणायची. कांदा काढणीचे दिवस होते. घरातलं प्रत्येक माणूस शेतात, नाही तर खळ्यात कांद्याची पात कापत बसलेलं. बायांची हसणी-बोलणी ओसरीपर्यंत ऐकू यायची. मी म्हणायचे, बसून पात कापायला मला काय होतंय, विळा द्या. वहिनी म्हणायची, "नको ताई, तुमी बसा. तुमी आराम करा." तिच्या बोलण्यात माया होती, म्हणूनच मला काही म्हणता यायचं नाही. पाहुणीला कोणी काम सांगत नाही. मी त्याच घरात जन्मले होते आणि तिथे पाहुणी झाले होते.

प्लॅस्टर निघालं तेव्हा पोटरी बघवेना. एक पाय माझा आणि दुसरा कुणा आजारी मुलीचा, असं वाटत होतं. घोडशिरेची सूज कमी झाली होती. मला वाटलं, सुटले. आठवडाभर चालले आणि कळ परत आली, तशीच. डॉक्टर माणूस सरळ होता. आणखी प्लॅस्टर घालून उपयोग होईल असं मला वाटत नाही, म्हणाला. हायवेला एका मेडिकलच्या वर एक मुलगी नवीन आलीय, व्यायाम शिकवते, तिच्याकडे जाऊन बघा, असं त्यानंच सुचवलं.

फिजिओथेरपी हा शब्द तेव्हा मंचरला नवा होता. लोकांना वाटायचं, मालिश करतात. जिना चढून गेले तर एक लहानशी खोली होती. एक टेबल, भिंतीला आरसा, खिडकीशी एक लांबट लाकडी पायरी आणि तिच्यासमोर धरायला लोखंडी नळी. खाली कांदा-बटाट्याचे ट्रक ब्रेक लावायचे, तेव्हा खिडकीची काच थरथरायची. मुलगी पुण्याला शिकून आलेली, वयानं माझ्यापेक्षा बरीच लहान. मी नर्स आहे कळल्यावर ती जरा सावरून बसली, मग दोन्ही हातांनी माझी टाच धरून बराच वेळ बघत राहिली.

त्या खोलीत आधीच एक गृहस्थ होते. पांढरी दाढी, इस्त्रीचा शर्ट, एका पायात बूट आणि दुसरा पाय उघडा. घोट्यामागे लांब टाक्यांचा व्रण. ते खुर्चीवर बसून टाच उचलत होते आणि टेकवत होते. मुलगी त्यांना चाचा म्हणत होती, म्हणून मीही चाचाच म्हणू लागले. ते जुन्नरचे शिंपी. माणसं भरून नेणाऱ्या वडाप जीपमधून उडी मारली आणि मागून कोणी तरी टाचेवर दगड मारला असं वाटलं. वळून बघितलं तर मागे कोणीच नव्हतं. शीर तुटली होती. पुण्याला ऑपरेशन झालं, आणि आता बरं होईपर्यंत मंचरला लेकीकडे राहायला आले होते. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. हे सगळं त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी ते फक्त म्हणाले, "बसा सिस्टर. इथं घाई करून चालत न्हाई."

मी मुलीला विचारलं, की आराम करून जे बरं झालं नाही, ते व्यायाम करून कसं बरं होईल? दुखऱ्या जागेवर आणखी ताण द्यायचा?

तिनं सांगितलेलं मला अजून आठवतं, कारण नर्सिंगला मी जे पाठ केलं होतं, ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ती म्हणाली, स्नायू लाल असतो आणि त्याला हाडाशी बांधणारी ही दोरी पांढरी असते. पांढरी का, तर तिच्यात रक्त थोडं.

चाचांनी टाच उचलायची थांबवली. "सगळे तर शीर म्हणत्यात," ते म्हणाले. "शीर आन् तिच्यात रगत न्हाई?"

"अगदीच नाही असं नाही, चाचा," ती म्हणाली. "पण थोडं. आणि बसून राहिलं की आणखी थोडं. तुम्ही टाच उचलता ना, तेव्हा या दोरीच्या आजूबाजूला रक्त कितीतरी वाढतं. तिला जे काही मिळतं, ते तिथून मिळतं."

पुण्याला कॉलेजात तिनं ते यंत्रावर पाहिलं होतं. पायाला आत उजेड सोडणारी पट्टी बांधतात आणि शिरेभोवतीचं रक्त कमी-जास्त होताना पडद्यावरच्या रेषेत दिसतं. माणूस स्वस्थ बसला की रेषा खाली पडून राहते. टाचा उचलायला लागला की चढते, जोर लावावा तशी चढते. स्नायूइतकी मात्र कधीच नाही. स्नायूला भरपूर मिळतं. शिरेच्या वाट्याला त्या मानानं थोडंच, तेही काम केलं तरच. आणि शीर सुधारते, तीही सावकाश. म्हणून आज केलं आणि उद्या बरं झालं, असं होणार नाही, महिने लागतील. नुसत्या रक्तानं बरं होतं असंही नाही, ओढ बसली म्हणजे दोरीचे धागे नीट जुळून येतात, हेही तिनं सांगितलं. माझ्या शिरेला आराम हवा होता तो थोडे दिवस. मी तो फार दिवस दिला होता. प्लॅस्टरमध्ये ती उपाशी पडली होती.

यंत्र तिच्याकडे नव्हतं. तिनं आम्हाला आपापल्या टाचेमागे तळहात ठेवायला सांगितला. थंडगार. मग नळी धरून दोन्ही टाचा वर, खाली, वर, खाली, पोटऱ्या भरून येईपर्यंत. मग परत हात ठेवायला सांगितला. आता ती जागा गरम लागत होती. कातडीवरून आतलं सगळं कळत नाही, ती म्हणाली, पण समजण्यापुरतं एवढं पुरे. चाचांनी हात बराच वेळ तिथेच ठेवला.

माझा व्यायाम असा होता. पायरीच्या कडेवर फक्त चवडे टेकवून उभं राहायचं. दोन्ही पायांनी टाचा उचलायच्या, मग चांगला पाय काढून घ्यायचा आणि सगळं वजन दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश, अगदी सावकाश, पायरीच्या खाली उतरवायची. पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं. मुलगी म्हणाली, थोडं दुखलेलं चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना रोजच्यापेक्षा जास्त आखडलं तर कमी करायचं, नाही तर चालू ठेवायचं.

मंगळवारी आणि शुक्रवारी मी लोणीहून एसटीनं यायचे. बाकीचे दिवस घरी, ओसरीच्या पायरीवर. घरी करताना लाज वाटायची. येणारा-जाणारा बघायचा. शेजारच्या एका पाहुण्यानं भावाला विचारलं, तुमच्या ताईला नक्की झालंय काय? त्यानंतर मी मागच्या दाराच्या पायरीवर, गोठ्याकडे तोंड करून करायला लागले.

मंचरला तसं नव्हतं. खोली लहान, पायरी एकच. काही आठवड्यांनी चाचांनाही उभं राहून करायला सांगितलं, तेव्हा एका टोकाला ते आणि दुसऱ्या टोकाला मी, असे आम्ही नळी धरून उभे राहू लागलो. मुलगी दुसरा पेशंट बघायची आणि आम्हाला, "ताई, घाई नको," "चाचा, गुडघा सरळ" असं सांगत राहायची. आम्ही दोघं खिडकीतून हायवे बघायचो. बोलणं फार नसायचं. एखादा ट्रक जास्तच कलंडलेला गेला की चाचा म्हणायचे, हा काय मार्केटपर्यंत पोचत न्हाई. कधी मी तळेघरच्या वाड्यांबद्दल सांगायचे. कधी ते कापडाबद्दल. एकदा त्यांनी आपल्या टाचेवरच्या व्रणाकडे बघत सांगितलं, की डॉक्टरनं शिवलंय चांगलं, पण शिलाई जरा लांब पडली. पाय रेटा देत न्हाई, लेकीचं मशीन मारताना कळतंय. ते मोटरचं मशीन वापरत नव्हते, पायाचंच. हसत सांगितलं, तरी त्यांना भीती वाटत होती, ते मला कळलं. मी म्हटलं, "येईल चाचा, जोर येईल." एरवी पेशंटला मी असंच सांगायचे. त्या दिवशी ते मी स्वतःलाही सांगितलं.

मंगळवार-शुक्रवार मला आवडायला लागले. एसटीतून उतरले की जिना चढायची घाई व्हायची. कोणी तरी माझ्या बाजूला उभं राहून माझ्यासारखंच, तेच काम करतंय, असं माझ्या आयुष्यात फार दिवसांत झालं नव्हतं. वाड्यांवर मी उपचार करणारी होते. लोणीत मी आजारी होते. त्या पायरीवर मी यातली कोणीच नव्हते.

उन्हाळा सरता सरता माझी टाच सकाळी आखडेनाशी झाली. पोटरी भरली. मुलीनं एका पायावर टाच उचलायला लावली. मी उचलली, परत उचलली, आणि ती टाळी वाजवायचीच बाकी राहिली. आता ड्यूटीवर जा, म्हणाली, पण व्यायाम घरी चालू ठेवा. चाचा पायरीच्या त्यांच्या टोकाला उभे होते. "चला, बाई सुटल्या," एवढंच म्हणाले आणि परत खिडकीकडे बघायला लागले. मला आनंद व्हायला हवा होता. जिना उतरताना मी कठडा धरला होता, आणि तो पायासाठी नव्हता.

तळेघरला परत गेले. वाड्या होत्या तशाच होत्या, माणसंही. मी आधी जपून, मग नेहमीसारखी चालायला लागले. सकाळी क्वार्टरच्या पायरीवर टाचा उचलायचे, तेव्हा समोर नुसतं धुकं असायचं. उजवीकडे जरा जागा सोडून उभी राहायचे, सवयीनं.

दिवाळीनंतर एकदा सुट्टी काढून मी घोडेगावमार्गे जुन्नरला गेले. कारण काही नव्हतं. पेठेत विचारत विचारत चाचांचं दुकान शोधलं. चाचा मशीनवर होते, पाय चालत होता. मला बघून उठले, स्टूल पुसून दिलं, हॉटेलातून चहा मागवला. टाच कशी आहे विचारलं. बरी आहे म्हटलं. त्यांची विचारली; तेही बरी म्हणाले, चढाला जरा मागं राहते. मग आम्ही चहा प्यायलो. दोन गिऱ्हाईकं उभी होती, ती माझ्याकडे बघत होती. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीची चौकशी झाली, पावसाची झाली, आणि बोलायला काही उरलं नाही. कप रिकामा झाल्यावर मी निघते म्हटलं. ते म्हणाले, "येत जा बाई." एसटीत बसल्यावर मला फार ओशाळल्यासारखं झालं. व्यायामाची ओळख व्यायामापुरती, तिला घरापर्यंत ओढत न्यायचं कशाला, असं मनाशी ठरवून टाकलं.

पुढे दोनेक वर्षांनी माझी बदली मंचरला झाली. त्या खोलीत तोवर मोबाईलचं दुकान आलं होतं; मुलगी लग्न करून पुण्याला गेली, असं खालच्या मेडिकलवाल्यानं सांगितलं. एका सकाळी दवाखान्यात लेकराला घेऊन एक बाई आली. माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुमी अब्बाच्या बरोबर व्यायामाला असायच्या ना?" ती चाचांची लेक. मी तिला जिन्याखाली एक-दोनदाच पाहिलं होतं.

मी चाचांची तब्येत विचारली. ती सांगत सुटली. अब्बा जुन्नरलाच असतात, एकटेच, इथं यायला तयार नाहीत. व्यायामाच्या दिवसांतही असेच हट्टी. डॉक्टरबाईंनी त्यांना कधीच सांगितलं होतं, आता घरी करा, इथं यायची गरज नाही. हे ऐकेनात. मंगळवार आला की सकाळपासून शर्टाला इस्त्री.

"तुमी ड्यूटीवर गेल्या ना," ती म्हणाली, "त्याच्या पुढच्याच हप्त्यात जुन्नरला गेले. मग कुणाचं ऐकलं न्हाई."

मी लेकराला इंजेक्शन दिलं. ते रडलं, तिनं त्याला खांद्यावर घेतलं, आणि ती गेली.

रविवार येईपर्यंत मी कसाबसा धीर धरला आणि सकाळच्या गाडीनं जुन्नरला गेले. शाळा सुरू व्हायचे दिवस होते. दुकानात निळ्या चड्ड्यांचे आणि पांढऱ्या शर्टांचे ढीग लागले होते, दारात आया उभ्या होत्या. चाचांनी मान वर केली. दाढी आणखी पिकली होती. मला बघून ते गडबडले, चहा सांगायला उठू लागले. मी म्हटलं, चहा नको, मला काही तरी काम द्या. ते म्हणाले, तुमाला कसलं काम देऊ बाई? मी म्हटलं, सुईनंच पोट भरते मी. त्यावर ते हसले. मग त्यांनी शर्टांचा एक गठ्ठा आणि बटणांचा डबा माझ्याकडे सरकवला, आणि परत मशीनवर बसले.

मी दोरा ओवला. त्यांचा पाय चालू झाला, टाच वर, टाच खाली. बोलण्यासारखं त्याही दिवशी फार काही नव्हतं. एक शर्ट झाला की मी तो घडी करून बाजूला ठेवायचे आणि ते न बघताच पुढचा माझ्याकडे सारायचे. दुपारी त्यांनी डबा उघडला आणि भाकरी माझ्यापुढे केली. संध्याकाळच्या गाडीला वेळ होता, आणि ढीग तर अजून अर्धाही झाला नव्हता.